जड माणसांची वाट

शैलेश चौगुल्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला आणि भिंतीवरच्या पेटीनं तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"सांगली ते सांतियागो. हवाई अंतर सुमारे सोळा हजार किलोमीटर. प्रवासाचा वेळ अठ्ठेचाळीस मिनिटं."

"माझ्यासाठी किती, ते विचारलंय."

"अठ्ठेचाळीस मिनिटं."

"अगं बये, मला त्यात बसू देत नाहीत. न बसता किती लागतील?"

"आजच्या उड्डाणांच्या वेळा दाखवू का?"

चौगुल्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पेटीवर टाकला. पेटी टॉवेलाखालून तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "पहिल्या उड्डाणात खिडकीची जागा शिल्लक आहे."

सांतियागो म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची राजधानी. चौगुल्यांची एकुलती एक मुलगी शलाका तिथं लिथियमच्या कारखान्यात कामाला होती. तिनं तिथल्याच मातियास नावाच्या मुलाशी लग्न केलं होतं, आणि आता तिला दिवस गेले होते. पहिलंच. आणि पहिलं बाळंतपण माहेरचं, याला सांगलीत दुसरं उत्तर नाही. चौगुल्यांची बायको वैजयंती हे बाळंतपण शलाकाच्या लग्नाच्याही आधीपासून मनातल्या मनात करत आली होती. खोली कुठली, बाज कुठली, डिंक कुणाच्या दुकानातला, सगळं ठरलेलं. मागच्या वर्षी ती गेली. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, संध्याकाळी संपलं. बाळंतपण तसंच राहिलं, आणि माहेर म्हणायला आता एकटे चौगुले उरले. आयुष्य पंपाच्या जळक्या मोटारींना नवी तार भरण्यात गेलेला, साठी उलटलेला, तापट माणूस.

झेप नावाची ही रॉकेटसेवा सुरू होऊन बारा वर्षं झाली होती. तिचं तत्त्व दगड भिरकावण्याचं. रॉकेट पहिली काही मिनिटं यानाला जोर देतं, यान हवेच्या बाहेर पडतं, आणि तिथं अडवायला काहीच नसल्यामुळं मिळालेल्या वेगावरच जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडं खाली येतं. आवाज असा की शहराजवळ परवडत नाही, म्हणून तळ भर समुद्रात. सांगलीकरांचा तळ रत्नागिरीच्या पुढं. आंबा घाट उतरा, बोटीत बसा, उपाशीपोटी तपासण्या करून घ्या, ताटकळत बसा, आणि मग ती अठ्ठेचाळीस मिनिटं. जाहिरातीत तेवढा शेवटचा आकडा.

तरीही जग जवळ आलं होतं, यात खोटं नव्हतं. शलाका दोन-तीन महिन्यांतून एकदा रविवारी जेवायला यायची. वैजयंती खूश व्हायची आणि ती निघाली की चिडायची. "पूर्वी माणसं लांबनं यायची म्हणून महिना महिना राहायची. आता जवळनं येतात आणि ताटं उचलायच्या आत उठतात. मुक्काम म्हणून काही राहिलाच नाही." आई गेली तेव्हा शलाका सरणापाशी पोहोचली. दहाव्याला आली, तेराव्याला आली. तिन्ही वेळा त्याच दिवशी परत गेली. "कधीही येता येतंय बाबा," असं म्हणाली. ते वाक्य चौगुल्यांच्या आत कुठंतरी काट्यासारखं राहिलं होतं.

आणि आता ते 'कधीही' बंद झालं होतं. गरोदर बाईला झेपेत बसवत नाहीत. उतरताना यान पुन्हा हवेत शिरतं, हवा त्याला करकचून अडवते, आणि आतल्या प्रत्येकाचं वजन काही मिनिटं चौपट होतं. त्या ताणानं गर्भाची वार सुटायचा धोका असतो. तान्ह्या मुलांनाही बंदी. त्यांचं डोकं मोठं आणि मान नाजूक, म्हणून पाच वर्षांपर्यंत नाही. म्हणजे शलाका आता येणार ती पोरगं पाच वर्षांचं झाल्यावर. चौगुल्यांनी जायचं ठरवलं. त्यासाठी रत्नागिरीला जाऊन त्यांना चरकात बसावं लागलं.

चरक हे सरकारी नाव नव्हे. लांब दांड्याच्या टोकाला खुर्ची, त्यात माणूस बांधायचा आणि दांडा गरागरा फिरवून त्याचं वजन चौपट करून बघायचं, असं ते यंत्र. ऊस घातल्यासारखा माणूस आत जातो आणि चिपाड होऊन बाहेर येतो, म्हणून आपल्याकडच्या लोकांनी त्याला चरक म्हणायला सुरुवात केली. चौगुल्यांच्या छातीवर कुणीतरी सिमेंटची पोती रचल्यासारखं झालं, आणि मग दांडा मध्येच थांबला.

"काका, हृदयाचा ठेका चुकतोय," तरुण डॉक्टरीण म्हणाली. "घाबरू नका. जमिनीवर राहायला तुमचं हृदय अगदी उत्तम आहे."

"मग मी आत्तापर्यंत झाडावर राहत होतो का?"

"म्हणजे झेपेसाठी चालणार नाही."

"पोरीचं बाळंतपण आहे हो. थोडं इकडं तिकडं करा की."

"काका, हृदयात इकडं तिकडं नाही करता येत."

त्यांच्या नावापुढं 'मर्यादित भारक्षम' असा शेरा पडला. लोक त्याला सरळ 'जड' म्हणायचे. हलके आणि जड, अशी माणसांची दोन जातींत वाटणी होऊन गेली होती.

संध्याकाळी शलाकाचा फोन आला. चौगुल्यांनी निकाल सांगितला तशी ती आधी हसली.

"म्हणजे आपण दोघंही जड! मी पोटानं, तुम्ही छातीनं."

"हसायला काय झालंय?"

"मग रडू का? बाबा, ऐका. तुम्ही कुठंही निघायचं नाही. इथं दवाखाना चांगलाय, मातियास आहे. पाच वर्षं कशी जातील कळणारपण नाहीत."

"तुला नाही कळणार. मला कळतील."

"बाबा, शपथ घ्या."

"शपथा घ्यायला मी काय शाळेत आहे?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शपथ घेतली नव्हती, ही गोष्ट त्यांनी नीट लक्षात ठेवली.

साधं विमान पकडून जावं म्हटलं, तर साधी विमानं राहिलीच नव्हती. लांबच्या विमानांचा खर्च पुढच्या महागड्या खुर्च्यांवर निघायचा. त्या खुर्च्यांतली माणसं झेपेनं जाऊ लागली, आणि मागच्यांच्या तिकिटात इंधनसुद्धा निघेना. एकेक मार्ग बंद पडत गेला. उरली ती हायड्रोजनवर उडणारी छोटी विमानं. हायड्रोजनला टाकी मोठी लागते, त्यामुळं एका दमात तीन हजार किलोमीटरच्या आतच. जग एकतर मिनिटांचं होतं, नाहीतर टप्प्याटप्प्यांचं. मधलं काही शिल्लक नव्हतं. आणि ते टप्पे पेटीला कबूलच नव्हते. चौगुल्यांनी एकेक गाव जोडत शेवटपर्यंत आणलं की ती म्हणायची, "आपण निवडलेला मार्ग चुकीचा वाटतो. याहून जलद पर्याय उपलब्ध आहे," आणि सगळं पुसून टाकायची.

शेवटी वाट दाखवली ती आक्कानं. आक्का म्हणजे वैजयंतीची थोरली बहीण, मिरजेत राहायची. तिची जीभ वयाबरोबर आणखी धारदार झाली होती.

"शैलेशराव, भिंतीशी काय भांडत बसलाय? आमच्या गल्लीत परवीन मुजावर आहे. जड लोकांची तिकिटं काढते. माझ्या नणंदेला तिनंच दुबईला पोचवलं."

परवीनबाईंनी कागदावर एक वेडीवाकडी रेघ काढून दाखवली. "मस्कत. आदिस अबाबा. एन्जामेना. बामाको. मग हे साल नावाचं बेट. तिथनं अटलांटिक ओलांडून ब्राझील, आणि मग खाली खाली चिलीपर्यंत. समुद्र जिथं अरुंद आहे तिथंच ही विमानं पार होतात काका, त्यामुळं तिकडनं येणारा जड माणूस आणि इकडनं जाणारा, दोघं त्याच बेटावरनं जाणार. दुसरी वाटच नाही."

"किती दिवस?"

"ते विचारू नका. विमान येईल तेव्हा येईल. सामान कमी घ्या, औषधं जास्त घ्या, आणि डोकं थंड ठेवा."

"तेवढं शेवटचं मिळतंय का तुमच्याकडं?" सोबत आलेल्या आक्कानं विचारलं.

डिंकाच्या लाडूंचं प्रकरण त्याच आठवड्यात झालं. आक्का स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली आणि चौगुले घामाघूम होऊन कढईपुढं उभे राहिले. पहिला डिंक करपला.

"अहो, मंद आचेवर! पंपाची मोटार नव्हे ती, धूर निघाला म्हणजे चालू झाली असं समजायला."

"तूच कर की मग."

"मी का? माहेर तुम्ही आहात. माझ्या हातचे लाडू मावशीचे होतील. आईचे व्हायला पाहिजेत."

चौगुल्यांनी कढई घासली, तूप घातलं आणि डिंकाचा एक खडा टाकून बघितला. तो हळूहळू फुलला. वैजयंती या वेळी नेहमी 'हं' असा एक आवाज काढायची. तो आवाज कुठून आला नाही. चौगुल्यांनी दुसरा खडा टाकला.

शलाकाला सांगायचं नव्हतं. पण व्हिसासाठी तिकडच्या कुणाचं तरी निमंत्रण लागत होतं, म्हणून जावयाला विश्वासात घेणं भाग पडलं. मातियास भला पोरगा होता. अडचण अशी की तो कानातल्या दुभाष्यातून बोलायचा, आणि दुभाष्याचं मराठी एखाद्या सत्कार समारंभातलं होतं.

"आदरणीय सासरेबुवा, आपला निर्णय ऐकून मी सद्गदित झालो आहे."

"सद्गदित नंतर हो. शलाकाला सांगायचं नाही. कळलं? एक शब्द नाही."

पलीकडं मातियास दोनदा खाकरला.

"मी वचनबद्ध आहे," मातियास म्हणाला. "परंतु एक नम्र विनंती. साल बेटावर आपण पुरेशी विश्रांती घ्यावी. तेथून घाईने निघू नये."

"का?"

"तेथील हवा आरोग्यदायी आहे."

"मी हवा खायला निघालोय होय?"

"आग्रहपूर्वक विनंती," मातियास म्हणाला, आणि का कोण जाणे, घाईघाईनं फोन ठेवून दिला.

शलाकाचा सातवा सरता सरता चौगुले निघाले. प्रवास कसा झाला हे विचारलं तर त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. मस्कतला अधिकाऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं. चांगला झेपेनं जायचा सोडून हा म्हातारा सोळा हजार किलोमीटर रांगत का चाललाय, हे त्याला कळेना. त्यानं लाडू फोडून बघितले. आत काही नव्हतं, लाडूच होता. त्यानं वास घेतला, चाखला आणि आणखी एक मागितला. आदिसला विमान होतं तर वैमानिक नव्हता. एन्जामेनाला वैमानिक होता तर हायड्रोजन नव्हता. धुळीचं वादळ उठलं आणि सगळ्यांना एका शाळेत झोपवलं.

बरोबरची सगळी जड माणसं होती. एक केनियाची आजी, दोन बायपास झालेली. एक लेबनीज जोडपं, कडेवर तान्हं मूल. एक उंचापुरा पोरगा, दिसायला पैलवान, पण कानाच्या आतल्या कसल्या तरी रोगानं चरकात नापास झालेला. सुरुवातीला चौगुले सगळ्यांवर वैतागले. मग त्या आजीनं त्यांच्याकडं बोट करून "बायको?" असं खुणेनं विचारलं. त्यांनी हात वर करून आकाश दाखवलं. आजीनं आपलंही बोट वर केलं, आणि वादळ बसेपर्यंत दोघं एका बाकावर न बोलता बसून राहिले. वर्षभरात इतका वेळ त्यांच्याजवळ कुणी बसलं नव्हतं. सांत्वनाला आलेला प्रत्येक माणूस घड्याळाकडं बघत बसायचा.

अधूनमधून शलाकाशी बोलणं व्हायचं. चौगुले कॅमेरा बंद ठेवत. गंमत म्हणजे तिचाही कॅमेरा बंद असायचा.

"बाबा, मागं कसला आवाज येतोय?"

"गणपतीच्या देवळात आलोय. तुझ्याकडं कसला येतोय?"

"कारखान्यातला."

"या दिवसांत कारखान्यात कशाला जातीस? घरी बसायला काय होतंय?"

"बसतेच आहे. नुसती बसूनच आहे," शलाका कंटाळलेल्या आवाजात म्हणाली. तेवढं तरी खरं वाटलं.

साल हे अटलांटिकमधलं उघडंबोडकं बेट. पोर्तुगीज भाषेत साल म्हणजे मीठ. एके काळी तिथं मिठागरं होती. विमानतळाचा एकच मोठा हॉल. पूर्वेकडून आलेले डाव्या दारानं आत येतात, पश्चिमेकडून आलेले उजव्या. चौगुले लाडूंचा डबा छातीशी धरून आत आले तेव्हा समोरच्या दारातून दुसऱ्या विमानाची माणसं येत होती. शेवटी शेवटी एक पोटुशी बाई, कमरेवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत. तिची चाल चौगुल्यांना ओळखीची वाटली. वैजयंती शलाकाच्या वेळी अशीच चालायची. त्यांनी तोंड फिरवलं. या दिवसांत त्यांना कुठंही वैजयंती दिसायची. त्यात काही अर्थ नसतो, हे त्यांना ठाऊक झालं होतं.

"बाबा?"

चौगुल्यांनी वळून पाहिलं. डबा हातातून निसटता निसटता राहिला.

"तू? तू इथं काय करतीयस?"

"तुम्ही इथं काय करताय?"

"मी तुझ्या बाळंतपणाला निघालोय!"

"मी माझ्या बाळंतपणाला निघालीय! माहेरी!"

"माहेरी कोण बसलंय? मी इथं आहे!"

"मला काय माहीत तुम्ही इथं आहात? तुम्ही गणपतीच्या देवळात होता!"

"आणि तू कारखान्यात होतीस! अशा अवस्थेत एवढ्या लांब निघायचं? अक्कल आहे का?"

"आणि तुमच्या त्या हृदयानं निघायचं, ती अक्कल? मी नको म्हटलं होतं ना? शपथ घातली होती ना?"

"घेतली नव्हती!"

सगळा हॉल बघायला लागला होता. तेवढ्यात दोघांचंही लक्ष एकदमच तिच्या मागं उभ्या असलेल्या मातियासकडं गेलं. त्याच्या दोन्ही खांद्यांवर पिशव्या होत्या आणि चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला होता.

"तुला माहीत होतं," शलाका म्हणाली.

"जावईबापू, तुम्हाला माहीत होतं?" चौगुले म्हणाले.

मातियासनं पिशव्या खाली ठेवल्या. "मी उभय पक्षी वचनबद्ध होतो," तो दुभाष्यातून म्हणाला. "आपण म्हणालात, एक शब्द नाही. ही म्हणाली, एक शब्द नाही. म्हणून मी शब्दांऐवजी तारखा वापरल्या. वाट एकच आहे. दोघांनाही येथे एकाच आठवड्यात आणणे एवढेच माझ्या हाती होते. त्यासाठी हिला नाताळ नावाच्या शहरात विनाकारण थांबवावे लागले. मी विमान नादुरुस्त असल्याची थाप मारली. मी क्षमाप्रार्थी आहे."

शलाका आधी त्याच्यावर ओरडली, मग हसायला लागली, आणि हसता हसता तिनं बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. मध्ये लाडूंचा डबा होता आणि पोट होतं, त्यामुळं धड जवळ येता येत नव्हतं.

पुढं कुठल्या बाजूला जायचं यावर भांडण होणार होतंच. चौगुले म्हणाले सांगली, मातियास म्हणाला जवळचे मोठे रुग्णालय, शलाका म्हणाली मला आधी झोपू द्या. निकाल बेटावरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला. पाय सुजलेत, रक्तदाब वर गेलाय, आता कुठल्याही विमानात पाऊल ठेवायचं नाही. पूर्व नाही, पश्चिम नाही. बाळंतपण इथंच.

"इथं?" चौगुले म्हणाले. "इथं आपलं कोण आहे?"

मातियासनं दवाखान्याजवळ एक घर भाड्यानं घेतलं. मालकीणबाईंचं नाव अल्सिंदा. वय चौगुल्यांएवढंच, बांधा आडवा आणि आवाज मोठा. त्या बेटावरची बोली बोलायच्या, आणि मातियासच्या दुभाष्याला तेवढी एक भाषा येत नव्हती. तो मोठमोठ्या भाषांचा जाणकार. चार बेटांवरच्या बोलीची त्याला काय पत्रास!

चौगुल्यांनी पहिल्या दिवशी खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी मराठीत ओरडले. बाळंतिणीची खोली धुऊन घ्यायची होती, पाणी तापवायचं होतं, आणि बाई नुसत्याच मान हलवत होत्या.

"अहो, बादली! बादली द्या, बादली!"

बाई थबकल्या. "बाल्दे?" त्यांनी कोपऱ्यातली बादली उचलून पुढं केली.

चौगुले बादलीकडं बघतच राहिले. मग जपून म्हणाले, "साबण?"

"साबाँव!" बाईंनी साबण आणला.

"चावी?" बाईंनी कमरेचा जुडगा वाजवला. "पाव?" बाईंनी पाव दाखवला. "बटाटा?" बाई आता खो खो हसत होत्या. शेवटी चौगुल्यांनी दोन्ही हातांनी मोठा गोल काढून म्हटलं, "घमेलं?"

"गामेला!" बाई ओरडल्या, आणि अंगणातून एक पसरट लाकडी भांडं उचलून घेऊन आल्या. तान्ह्या मुलाला अंघोळ घालायला अगदी मापाचं.

"हे कसं काय?" मातियासनं विचारलं.

"मला काय माहीत? पोर्तुगीज आमच्याकडं शब्द ठेवून गेले असतील," चौगुले म्हणाले. "यांच्याकडंही तेच सामान दिसतंय. बरं झालं, बाळंतपणाला लागतंय तेवढं सगळं ठेवलंय."

आक्काला फोन लावला तेव्हा ती पाच मिनिटं एकटीच बोलली. बापलेकीला एकमेकांना न सांगता जगाच्या दोन टोकांनी निघायची बुद्धी कुणी दिली, हे तिला ऐकायचं होतं. मग म्हणाली, "लाडू किती राहिले?"

"निम्मे. वाटेत सगळ्यांनी खाल्ले."

"खाऊ देत. आशीर्वाद लागतो. आता रोज सकाळी एक, आणि वर दूध. ती नको म्हणेल. ऐकू नका."

शलाका नको म्हणाली. चौगुल्यांनी ऐकलं नाही. काही आठवड्यांनी, एका वाऱ्याच्या दुपारी, ती दवाखान्यात गेली. चौगुले बाहेर बाकावर बसले. वैजयंती असती तर ती आत असती, आणि मी बाहेर असाच बसलो असतो, हे त्यांच्या मनात आलं. आणि आता आत जायला कुणीच नाही, हेही आलं. तेवढ्यात अल्सिंदाबाई पदर खोचल्यासारखा फडका कमरेला खोचत आल्या, चौगुल्यांकडं बघून मान डोलावली आणि कुणाला न विचारता आत गेल्या.

मुलगी झाली.

घरी आणल्यावर तिला घमेल्यात अंघोळ घातली. अल्सिंदाबाईंनी पाणी ओतलं, चौगुल्यांनी डोकं धरलं. एवढं लहान डोकं त्यांनी अनेक वर्षांत धरलं नव्हतं. मान खरंच नाजूक होती. चौपट वजन राहू दे, तिला आपलंच वजन पेलत नव्हतं. आयुष्यभर मोटारींच्या तारा गुंडाळलेली राठ बोटं त्यांनी जपून मानेखाली सरकवली. "पडणार नाही बाबा, नीट धरा," शलाका बाजेवरून म्हणाली, "आणि रागावू नका तिच्यावर. पाण्यावर रागावा पाहिजे तर."

"मी कुठं रागावलोय?"

"चेहरा बघा की."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सव्वा महिना कुठं हलायचं नाही. कुठलं विमान पकडायचं नव्हतं, कुणाच्या कामाला खोळंबा नव्हता. मातियास मासळी आणायला बाहेर पडला होता. बाहेर मिठागरांवरून खारा वारा येत होता. मुलगी दूध पीत होती. चौगुले लाडूची ताटली ठेवून वळले तेव्हा शलाका म्हणाली, "बाबा, बसा ना."

"काय हवंय?"

"काही नको. बसा." ती थोडा वेळ मुलीकडं बघत राहिली. "आई गेली त्या दिवसाचं मला काहीच माहीत नाही. मी आले तेव्हा सगळं झालेलं होतं. मग गेले. मग परत आले, परत गेले. तुम्हाला विचारलंच नाही कधी. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं."

चौगुल्यांच्या तोंडावर आलं होतं की आता कळलं होय तुला. वर्षभर ते वाक्य त्यांनी धार लावून ठेवलं होतं. पण ते बाहेर आलं नाही. त्यांनी खुर्ची बाजेजवळ ओढली.

"सकाळी भांडली माझ्याशी," ते म्हणाले.

"कशावरून?"

"कढीपत्त्यावरून. मी कुंडीत पाणी जास्त घातलं म्हणाली. मुळं कुजतील म्हणाली. मी म्हटलं, एवढं कळतंय तर तूच घाल. मग बोलेनाच. न बोलता चहा आणून ठेवला. आणि चहात…"

ते थांबले.

"सावकाश, बाबा," शलाका म्हणाली. "भरपूर वेळ आहे. सकाळी उठल्यापासनं सांगा. कुठलं लुगडं नेसली होती, तेसुद्धा."

"लुगडं कुठलं? गाऊन होता. तो निळा. तुला आवडत नव्हता तो."

"मग गाऊनपासनं सांगा," ती म्हणाली आणि मुलीला दुसऱ्या कुशीला घेतलं. चौगुले सांगू लागले.